आमची वाटचाल : पाण्याखालची जमीन

आमचं दुकान बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात. सुरुवातीला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचो. बाबा खाडीत जायचे तेव्हा दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचे आणि वावात (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोली सांगायचे : "तीन वाव, खाली चिखल." शिशाला चिकटून आलेल्या मातीवरून त्यांना तळ कळायचा. पुढे फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ स्क्रीनवर दाखवणारी यंत्रं, आले आणि ते बसवून देण्याचं काम आम्ही घेतलं. यंत्र तेच करतं, फक्त दोरीऐवजी आवाज सोडतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. तळाला आपटून परत यायला लागलेला वेळ निम्मा करून या वेगाने गुणला की खोली मिळते.

शहापूरकडचे एक काका दुकानात आले आणि धंद्याची दिशा बदलली. भातसा जलाशयात मासेमारी करणारे. त्यांची तक्रार साधी होती : दरवर्षी जाळी अडकून फाटतात, खाली काय आहे ते दिसत नाही. नदीचं जुनं पात्र, झाडांचे बुंधे, शेतांचे बांध, सगळं तिथेच बुडालेलं.

रीतसर परवानगी घेऊन, तळाचा नकाशा करायला आम्ही खोलीची मोजणी सुरू केली. पावसाळा संपला की जलाशय भरलेला असतो, काठही पाण्याखाली असतात, म्हणून मोजणी तेव्हाच. होडी सावकाश चालवायची, नाहीतर ट्रान्सड्यूसरखाली (यंत्राचा आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) बुडबुडे येतात आणि आकडे बिघडतात. ट्रान्सड्यूसर पाण्यात जितका बुडालेला असतो, तेवढी खोली आकड्यात मिळवायची. त्याहून मोठा धडा दरीने दिला. यंत्राचा आवाज शंकूसारखा पसरत जातो. 20 अंशांचा शंकू 30 मीटर खाली गेला की साडेदहा मीटर रुंद वर्तुळ व्यापतो, आणि यंत्र त्यातल्या सगळ्यात उंच जागेचीच खोली दाखवतं. म्हणजे अरुंद पात्र असतं त्यापेक्षा उथळ दिसतं. अशा जागी आम्ही अजूनही शिसं सोडून पाहतो. बाबांची दोरी त्यासाठीच होडीत असते.

पहिला नकाशा चुकला आणि ती चूक पूर्णपणे आमची होती. ऑक्टोबरमधल्या खोल्या आम्ही जशाच्या तशा छापल्या. एप्रिलमध्ये, नकाशात 12 मीटर पाणी दाखवलेल्या ठिकाणी, काकांच्या होडीचा पंखा बुंध्यावर आदळून तुटला. कोणाला लागलं नाही. पंखा आम्ही बदलून दिला. पण त्यांचे आठ दिवस बुडाले, ते मला अजून खुपतं. भातसा भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून 142.07 मीटर असते आणि उपशाची सर्वांत खालची पातळी 104.90 मीटर. म्हणजे 37 मीटरहून जास्त फरक! तेव्हापासून आमच्या नकाशावर पाण्याची खोली लिहिलेली नसते, तळाची उंची असते. आजच्या पातळीतून ती वजा केली की आज किती पाणी आहे ते कळतं. हे गणित आम्ही प्रत्येक होडीवाल्यासोबत बसून तीन-चारदा करून घेतो. त्याशिवाय नकाशा देत नाही.

मासे कुठे, हे सगळ्यांना हवं असतं. उतार जिथे एकदम खाली जातो ती कड, बुडालेल्या ओढ्याचं तोंड, कठीण आणि मऊ तळाची सीमा, अशा जागा नकाशा दाखवतो. मृगळ तळाशी चरतो, कटला वरच्या पाण्यात, हे मात्र काकांना आमच्याहून जास्त कळतं. हौशी गळवाल्यांनी त्या जागांसाठी चांगले पैसे देऊ केले होते. आम्ही नाही म्हटलं. फिशफाइंडर बनवणाऱ्या गार्मिन कंपनीच्या क्विकड्रॉसारख्या नकाशा करायच्या सोयींतून तो इतरांना देता येतो. तेही आम्ही केलं नाही. त्या पाण्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांचा तो नकाशा. हौशी मंडळींना आम्ही होडीच्या धोक्याच्या जागा फुकट सांगतो, तेवढंच.

एका संध्याकाळी काकांचे वडील स्क्रीनसमोर बसले होते. एक फूट अंतराच्या समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) पायऱ्यांसारखी भातखाचरं दिसत होती, आणि एका बाजूला सपाट तुकडा. त्यावर बोट ठेवून आजोबा म्हणाले, "हे आमचं खळं. ह्याच्या मागं विहीर होती." मोजणीत तिथे खरंच एक खोल ठिपका आला होता आणि आम्ही तो चुकीचा आकडा समजून काढणार होतो. तो आम्ही ठेवला. आता नकाशावर त्या जागी 'विहीर' लिहिलंय आणि जाळी टाकणारे तिथून वळसा घेतात.