निवडून आणलेला मका

परतीच्या पावसात खळ्यावरची कणसे भिजली की महिनाभराने आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर मक्याच्या पिशव्यांची रांग लागते. त्यातले बहुतेक नमुने अहवालावर सही झाली की मी विसरून जाते. गेल्या हिवाळ्यातला एक किलोचा एक नमुना मात्र अजून डोक्यातून जात नाही, आणि तो तर मर्यादेत बसलेला होता.

नमुना अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, पाच गाई सांभाळणाऱ्या एका काकूंचा होता. दूध संकलन करणाऱ्यांनी आधी टाकीतले आणि मग एकेका घरचे दूध तपासले होते, आणि काकूंच्या दुधात अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचे एम-१ हे रूप किलोमागे ०.८ मायक्रोग्रॅम निघाले होते. मर्यादा ०.५ ची आहे. खाद्यावरच्या बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन बी-१ गाईच्या पोटात गेले की यकृतात त्याचे एम-१ होते आणि दिवसभरात ते दुधात उतरते; दूध उकळूनही ते जात नाही, म्हणून शोध नेहमी गव्हाणीकडे वळतो. दूध संकलनाच्या सुपरवायझरने ‘खाद्य तपासून आणा’ एवढेच सांगून त्यांना आमच्याकडे धाडले. नमुना कसा काढायचा हे सांगण्याची तसदी त्याने घेतली नाही, आणि खरे म्हणजे आम्हीही कधी घेत नाही.

नमुना यंत्रात टाकला की आकडा बाहेर पडतो, असे लोकांना वाटते. पशुखाद्याच्या भारतीय मानकातली २० पीपीबी (किलोमागे २० मायक्रोग्रॅम) ही मर्यादा म्हणजे एका टनात २० मिलिग्रॅम, आणि तेवढे विष टनभर सारखे पसरलेलेही नसते. बुरशी लागलेल्या एखाद्याच दाण्यात ते प्रचंड साठलेले असते आणि शेजारचे शंभर दाणे निर्मळ असतात. म्हणूनच आणलेला सगळा मका रव्यासारखा दळायचा, चाळणीवर राहिलेले भरड कण पुन्हा दळायचे, सगळे नीट कालवायचे आणि मगच त्यातले २५ ग्रॅम घ्यायचे. माझा एक सहकारी वरवरचे मूठभर दळून मोकळा होतो आणि त्याच्या वेगाचे कौतुकही होते, तो भाग वेगळा. पुढे मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात विष उतरवून घेतल्यावर तो द्राव विरळ करून प्रतिपिंडे भरलेल्या छोट्या नळीतून सेकंदाला साधारण एक थेंब या गतीने सोडावा लागतो. घाई केली तर विष प्रतिपिंडांना न चिकटताच निसटते आणि वाईट मकासुद्धा सोज्वळ दिसू लागतो. त्या दिवशी मी घाई केली नव्हती. द्रावातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या आलेखावर अफ्लाटॉक्सिनच्या चार प्रकारांत बी-१ चे शिखर शेवटी येते, ते जेमतेम उमटले आणि आकडा आला ३.८ पीपीबी. मुद्दाम विष मिसळून ठेवलेल्या नमुन्यातून ९१ टक्के परत मिळाले होते, म्हणजे पद्धतीतही खोट नव्हती.

सही केल्यावर सवयीने उलटा हिशेब मांडला. गाय दिवसाला दोन किलो मक्याचा भरडा खाते असे धरले, तर तिच्या पोटात ७.६ मायक्रोग्रॅम विष जाणार, त्यातले फार तर दोन-तीन टक्के दुधात उतरणार आणि तेही बारा लिटरांत वाटले जाणार. यातून ०.८ कसे येईल? मी ते विभागप्रमुखांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘आपण नमुन्याला उत्तरदायी असतो, गाईला नाही.’’ अहवालाच्या तळाशी ‘निष्कर्ष प्राप्त नमुन्यापुरतेच’ असे बारीक अक्षरात छापलेले असते, त्याचाच हा अर्थ. वाक्यात चूक काढता येत नव्हती, म्हणून चीड अधिक आली.

सुटीच्या दिवशी मी परखी, म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायची पोकळ सळई, घेऊन काकूंच्या गोठ्यावर गेले. माझा पहिला संशय सरकी पेंडीवर होता. पुढे तपासल्यावर तो फोल ठरला. मक्याची सहा पोती गोठ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून थेट जमिनीवर रचलेली होती. ‘काळा पडलाय’ म्हणून व्यापाऱ्याने नाकारलेला हा माल जनावरांसाठी घरी ठेवला होता. परखी खुपसून बाहेर काढली तर मळकट दाणे, त्यांवर हिरवट भुकटी आणि कुबट वास.

‘‘काकू, तुम्ही आणलेला मका असा नव्हता.’’

‘‘ह्यातलाच की. पण तो निवडून आणला होता, मॅडम. असली घाण घेऊन यायची का तुमच्याकडं? सूप घेऊन सबंध दुपार बसले होते.’’

‘‘आणि निवडून बाजूला काढलेले दाणे?’’

‘‘ते गेले गव्हाणीत. टाकून कसं द्यायचं?’’

सहाही पोत्यांतून, वर-मध्ये-खाली परखी लावून मी पाच किलो मका काढला. तो २१४ पीपीबी निघाला. हिशेब जुळला, आणि जुळल्याचा आनंदही क्षणभर झाला, हे कबूल करते.

तो मका बंद केल्यावर पाचव्या दिवशी दूध मर्यादेत आले. पोत्यांचे काय करायचे, हे मात्र मला धड सांगता आले नाही. ‘‘मग कोंबड्यांना घालू का?’’ असे काकूंनी विचारले. १९६० साली इंग्लंडमध्ये विषारी शेंगदाणा पेंड खाऊन लाखाहून अधिक टर्की मेल्या आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला, हे मला ठाऊक होते. मी फक्त ‘‘नको, पुरून टाका,’’ एवढेच म्हणाले. तीन क्विंटल मका पुरायला सांगणारी मी त्यांना कशी वाटले असेन, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

पहिला अहवाल ‘मर्यादेत’ या शिक्क्यासह अजून फाइलीत आहे, आणि नियमाने तो बरोबरच आहे. नमुन्याच्या अर्जात वजन, सील आणि पिशवीचा प्रकार यांचे रकाने आहेत. ‘नमुना कोणी व कसा काढला’ असा रकाना घालावा, असे मी लेखी सुचवले, त्यावर पुढच्या वार्षिक आढाव्यात विचार होईल असे उत्तर आले. तोवर मी खिडकीवर प्रत्येकाला तोंडीच विचारते, ‘‘निवडून आणलंय का?’’ आणि बरेच जण अभिमानाने ‘‘हो’’ म्हणतात.