पावसाने ओढ दिली की पाला तुरट होतो

आमच्याकडे खान्देशात पावसाने ओढ दिली की चाऱ्यासाठी पहिली कुऱ्हाड पडते ती बांधावरच्या सुबाभळीवर, बाभळीवर, नाहीतर डोंगरातल्या अंजनावर. मग थोड्याच दिवसात पारावर सुरू, दूध तुटलं भो, पेंडच भेसळीची आली वाटतं.

पेंडीला शिव्या घालायच्या आधी तो पाला स्वतः चावून बघा. बाभळीचा शेंडा चावला की जीभ कोरडी पडते, कच्चं केळं चावल्यावर होते तशीच. हे टॅनिनचं, म्हणजे पाल्यातल्या तुरट द्रव्याचं काम. लाळेतलं प्रोटीन ते धरून बसतं म्हणून तोंड सुकतं, आणि गाईच्या रुमेनमध्ये (पहिल्या मोठ्या पोटात) तुमच्या महागड्या सरकी पेंडीच्या प्रोटीनला पण असंच धरतं.

आता थोडं धरलं तर फायदाच आहे. रुमेनचा सामू (आम्लतेचं माप, pH) ६-७ च्या आसपास असतो, तिथे ही जोडी टिकते, जंतूंना सगळं प्रोटीन फोडून अमोनिया करता येत नाही, आणि पुढे चौथ्या पोटात आम्ल लागलं की प्रोटीन सुटून आतड्यात पचतं. कोरड्या वजनाच्या २ ते ४ टक्के टॅनिन बऱ्याचदा चालून जातं, ५-६ च्या वर गेलं की जनावर खातंच कमी आणि पचन पण मंदावतं. झाडागणिक टॅनिन वेगळं, त्यामुळे हे आकडे काही काळ्या दगडावरची रेघ नाहीत.

लसूण घासाच्या पानात टॅनिन जवळपास नसतंच, म्हणून तर ओला कोवळा घास भरपूर खाल्ला की पोट फुगतं, प्रोटीनचा फेस होतो ना.

दुष्काळात गडबड अशी की पाणी कमी पडलं की झाडाची वाढ आधी थांबते पण पान अन्न बनवणं लगेच सोडत नाही, मग वाढीत न गेलेला कार्बन बऱ्याच झाडात टॅनिनकडे वळतो. सगळ्या जातीत असं होतंच असं नाही, पण श्रावणात मानवलेला पेंढीभर पाला वैशाखात मानवेलच असं धरून चालू नका. (सुबाभळीने केस गळतात ते वेगळं, ते तिच्यातल्या मायमोसिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे.)

शेळ्या बाभळीच्या शेंगा पण मजेत खातात, गाईला तेवढं झेपत नाही. मी तर पाला तोडून सुकवतो, त्याने टॅनिनचा जोर बऱ्यापैकी उतरतो, आणि कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच टाकतो, सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच. प्रयोगशाळेत पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालून टॅनिन बांधतात म्हणे, पण दुधाचा भाव बघता ते आपल्या गोठ्यातलं काम नाही.