खांद्याच्या शस्त्रक्रियेचे बिल ओटीत कसे ठरते

पुण्यातील एका खाजगी रुग्णालयाच्या खरेदी विभागात काम करताना अस्थिरोग विभागाच्या साहित्याच्या याद्या रोज माझ्या टेबलावरून जातात, आणि त्यांत खांद्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या याद्यांपाशी मी सर्वांत जास्त थबकतो. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत कोणते भाग लागणार हे बरेचसे आधीच ठरलेले असते. खांद्यातील फाटलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) शिवताना मात्र हाडात रोवायचे अँकर किती, दोरा कोणता, उपकरणे आत घालण्याच्या नळ्या म्हणजे कॅन्युला किती, ऊतक खरवडून काढणाऱ्या शेव्हरचे पाते एक की दोन, हे जवळजवळ सर्वस्वी शल्यविशारदाच्या सवयीवर अवलंबून असते. त्यामुळे सारख्याच आकाराची फाट असलेल्या दोन रुग्णांच्या खोलीचे भाडे, भूलतज्ज्ञांचे शुल्क आणि ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) तास यांत फारसा फरक नसतानाही बिलात मोठी तफावत पडू शकते, आणि ती बहुधा ‘इम्प्लांट व कन्झ्युमेबल्स’ (शरीरात बसवायचे भाग व एकदा वापरून टाकायचे साहित्य) या एकाच ओळीत सापडते.

दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला चार स्नायूंच्या कंडरा वेढून असतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वयोमानाने झिजून किंवा पडल्यामुळे यांतील एखादी कंडरा, बहुतेकदा सर्वांत वरची, हाडापासून सुटते. ती पुन्हा हाडावर बसवण्यासाठी हाडात एक छोटी खुंटी रोवतात आणि तिला जोडलेल्या मजबूत दोऱ्यांनी कंडरा हाडावर आवळून बांधतात. ही खुंटी म्हणजे अँकर. तो टायटॅनियमचा असतो, पीक नावाच्या प्लॅस्टिकचा असतो, कालांतराने शरीरात विरघळणारा असतो, किंवा निव्वळ दोऱ्याचाच गोळा असतो. त्यात पुन्हा गाठ मारावी लागणारे आणि गाठीविना अडकणारे असे प्रकार आहेत. प्रत्येक प्रकाराची किंमत वेगळी, आणि देशी व आयात मालाच्या किमतींतील अंतर तर आणखी वेगळे.

अँकरच्या प्रकाराहून मोठा प्रश्न त्यांच्या संख्येचा आहे. मध्यम आकाराची फाट एका ओळीत शिवली तर साधारण दोन अँकर पुरतात. दोन ओळींच्या पद्धतीत कंडरेच्या आतल्या कडेला दोन आणि बाहेरच्या बाजूला आणखी दोन असे चार अँकर लागतात, आणि त्यांच्यामधून दोऱ्यांचा पूल टाकून कंडरा हाडावर पसरून दाबली जाते. यांत्रिक चाचण्यांत दोन ओळींची शिवण अधिक मजबूत ठरते, याविषयी वाद नाही. परंतु रुग्णांवर झालेल्या तुलनांचे एकत्रित निष्कर्ष पाहिले, तर लहान व मध्यम फाटींमध्ये वेदना आणि हाताची हालचाल यांत दोन पद्धतींमध्ये जाणवण्याजोगा फरक आढळत नाही. साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या फाटींमध्ये मात्र दोन ओळींच्या शिवणीनंतर कंडरा पुन्हा फाटण्याचे प्रमाण कमी दिसते. म्हणजे चार अँकर वापरणे काही रुग्णांसाठी सयुक्तिक आहे आणि काहींसाठी ती केवळ शिकताना लागलेली सवय आहे. यादी वाचून मला हे कळत नाही. ते फाट प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच कळते, म्हणून या खर्चाविषयी खरेदी विभागाने एकट्याने नियम करणे मला मुळीच पटत नाही.

अँकरशिवाय कंडरा शिवता येते, ही गोष्टही या चर्चेत सहसा विसरली जाते. बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ मध्ये रोटेटर कफ शिवल्याचे प्रसिद्ध केले तेव्हा अँकर अस्तित्वातच नव्हते, आणि पुढे अनेक दशके हाडात बारीक बोगदे पाडून त्यांतून दोरा ओवण्याची पद्धत रूढ होती. (हेच कॉडमन प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद रुग्णालयांनी ठेवून ती जाहीर करावी, असा आग्रह धरल्यामुळे सहकाऱ्यांच्या रोषास पात्र झाले होते, खर्चाचा हिशेब परिणामाच्या हिशेबाविना अपुरा असतो हे त्यांना शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते.) तीच बोगद्यांची पद्धत आता खास उपकरणाच्या साहाय्याने दुर्बिणीतूनही करता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तुलनेत दोन ओळींच्या अँकर पद्धतीत इम्प्लांटचा सरासरी खर्च सुमारे १,०१४ डॉलर, तर बोगद्यांच्या पद्धतीत सुमारे ६७८ डॉलर आढळला. सरासरीपेक्षा मला त्या आकड्यांचा कल अधिक बोलका वाटतो. फाट जसजशी मोठी होते तसतसे अँकर वाढतात आणि खर्च चढत जातो. बोगद्यांच्या पद्धतीत दोरे थोडे वाढतात, पण खर्च जवळजवळ तेथेच राहतो.

अँकर निदान महाग म्हणून नजरेत तरी येतात. बिल फुगवणारे उरलेले साहित्य किरकोळ वाटते. ऊतक जाळून रक्तस्राव थांबवणारी रेडिओफ्रिक्वेन्सीची कांडी, शेव्हरचे पाते, हाड घासणारा बर, दोरा ओवण्याच्या उपकरणाची एकदाच वापरायची सुई, पंपाच्या नळ्या, प्लॅस्टिकच्या कॅन्युला, हात ताणून धरण्याचे साहित्य, आणि शेवटी उशी लावलेली झोळी, असे बरेच काही त्यात येते. प्रत्येक शल्यविशारदाच्या पसंतीची एक यादी ओटीच्या सिस्टरकडे असते आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्या यादीप्रमाणे साहित्य मांडले जाते. ही यादी बहुधा डॉक्टर रुजू झाले तेव्हा तयार झालेली असते, तिच्यात भर पडत राहते, पण तिच्यातून काही वगळले गेल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. ‘लागलेच तर हाताशी असावे’ म्हणून फोडलेले निर्जंतुक पाकीट वापरले गेले नाही तरी परत करता येत नाही. ते कुणाच्या तरी खात्यावर चढतेच. माझ्या मते कोणत्याही रुग्णाला यत्किंचितही तोटा न होता वाचणारा पैसा सर्वांत आधी येथे आहे. पाकीट टेबलाजवळ ठेवावे, मागितल्यावरच फोडावे, एवढाच बदल त्यासाठी पुरतो.

एकदाच वापरायच्या कांड्या आणि पाती पुन्हा निर्जंतुक करून वापरली जातात, हे आपल्याकडील उघड गुपित आहे. काटेकोर पद्धतीने आणि नोंद ठेवून ते केले तर त्याची बाजू मांडता येते. पण जुन्या कांडीसाठी रुग्णाकडून नव्या कांडीची पूर्ण किंमत घेणे याला काटकसर म्हणता येणार नाही.

मग शल्यविशारदांना या किमती ठाऊक असतात का? अमेरिकेतील सात शैक्षणिक वैद्यकीय केंद्रांतल्या ५०३ अस्थिशल्यविशारदांना व निवासी डॉक्टरांना नेहमीच्या वापरातील इम्प्लांटच्या किमती विचारल्या गेल्या होत्या, आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खऱ्या किमतीच्या वीस टक्के आत-बाहेरचे उत्तर बरोबर धरूनही ज्येष्ठ डॉक्टरांची २१ टक्के आणि निवासी डॉक्टरांची १७ टक्केच उत्तरे बरोबर निघाली. काहींचा अंदाज खऱ्या किमतीच्या दोन टक्क्यांहूनही कमी होता, तर काहींचा चोवीस पटींहून अधिक. तरीही ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांनी इम्प्लांट निवडताना किमतीचा विचार महत्त्वाचा असल्याचे सांगितले होते. या आकड्यांत मला बेफिकिरी दिसत नाही. डॉक्टरांना किंमत कुणी सांगतच नाही. अमेरिकेत उत्पादक आणि रुग्णालय यांच्यातील दर अनेकदा करारानेच गोपनीय ठेवलेले असतात. आपल्याकडे ते गोपनीय नसले तरी कागद स्टोअर, लेखा विभाग आणि टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी संस्था) यांच्यामध्येच फिरत राहतो आणि ओटीत पोहोचत नाही.

हा कागद ओटीत पोहोचवला तर काय होते, याचे उत्तर सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयातील प्रयोगातून मिळते. तेथे २०१५ मध्ये अस्थिरोग, कान-नाक-घसा आणि मेंदूशल्य या विभागांतील शल्यविशारदांना त्यांच्या स्वतःच्या शस्त्रक्रियांतील साहित्याचा खर्च सहकाऱ्यांच्या तुलनेत दर महिन्याला कळवण्यात आला, आणि पाच टक्के बचतीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या विभागासाठी लहानसे बक्षीस ठेवण्यात आले. वर्षभरात या गटाचा साहित्याचा मध्यक खर्च साडेसहा टक्क्यांनी घटला, तर असे काहीच न कळवलेल्या विभागांचा सात टक्क्यांहून अधिक वाढला; रुग्णांच्या परिणामांत बिघाड दिसला नाही. कुणावरही कोणता अँकर वापरायचा याची सक्ती केलेली नव्हती.

आपल्याकडे हाच प्रयोग जसाच्या तसा यशस्वी होईल असे मी म्हणणार नाही, कारण साहित्य महाग असल्याचा तोटा कुणाला होतो हे येथे रुग्णागणिक बदलते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या ठिकाणी पॅकेजचा दर आधीच ठरलेला असल्यामुळे रुग्णालय स्वतःहून दोन अँकरवर भागवते. स्वतः पैसे भरणाऱ्या किंवा विमा असलेल्या रुग्णाच्या बिलात मात्र साहित्य एमआरपीने लागते, आणि खरेदीचा दर व एमआरपी यांमधील फरक रुग्णालयाकडे राहतो. तेथे महाग अँकर हा खर्च न राहता उत्पन्न होतो. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील खाजगी रुग्णालयांची बिले तपासली तेव्हा काही वस्तूंवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत आढळला होता. याच प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरवून दिल्या. खांद्याच्या अँकरना मात्र तशी कमाल किंमत लागू झाली नाही. त्यामुळे निवड डॉक्टरांची, नफा रुग्णालयाचा आणि पैसे रुग्णाचे, अशा रचनेत किमतीचा कागद ओटीत नेण्याची घाई कुणालाच नसते.

त्यात कंपनीचा माणूस असतो. अँकरचा संच अनेकदा वितरकच शस्त्रक्रियेच्या दिवशी घेऊन येतो, त्याचा प्रतिनिधी ओटीत उभा राहून कोणता आकार, कोणता ड्रिल हे सुचवतो, आणि खरे सांगायचे तर नवख्या चमूला त्याची मदतही होते. मात्र नव्या वस्तूचे गुण सांगणारा तो एकटाच असेल तर तिचे दोष कोण सांगणार? न शिवता येण्याजोग्या मोठ्या फाटीत बसवायच्या विरघळणाऱ्या फुग्याचे उदाहरण ताजे आहे. हा फुगा महागडा आहे, आणि अनेक देशांत तो वापरात आला. ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत ११७ रुग्णांवर झालेली त्याची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुदतीआधीच थांबवावी लागली होती, कारण फुगा न बसवता केवळ सांधा साफ केलेल्या रुग्णांची प्रकृती अधिक चांगली निघाली.

शल्यविशारदांची बाजूही मी ऐकली आहे आणि ती मला बव्हंशी मान्य आहे. हात बसलेले उपकरण बदलले तर वेळ वाढतो, आणि ओटीचा प्रत्येक जादा मिनिट स्वस्त अँकरची बचत खाऊन टाकतो. ठिसूळ हाडात अँकर सुटला तर दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा महाग पडते. पुढे एमआरआय करावा लागला तर धातूच्या अँकरभोवतीचे चित्र बिघडते, म्हणून पीकला प्राधान्य देणेही रास्त आहे. या प्रत्येक कारणासाठी जादा पैसे मोजणे योग्यच ठरेल. फक्त ते कारण त्या रुग्णाचे असावे, यादीचे नसावे.

रुग्णाच्या नातेवाइकांनी शस्त्रक्रियेपूर्वी किती अँकर अपेक्षित आहेत, कोणत्या कंपनीचे आहेत आणि फाट किती मोठी आहे, हे विचारण्यात संकोच करू नये. चांगले डॉक्टर हे दोन मिनिटांत समजावून सांगतात. बसवलेल्या प्रत्येक अँकरच्या पाकिटावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असते आणि त्यावर नाव, बॅच क्रमांक व आकार छापलेला असतो. डिस्चार्जच्या वेळी त्या पानाची प्रत मागून घ्यावी आणि स्टिकरची संख्या बिलातील अँकरच्या संख्येशी ताडून पाहावी.