झड उघडल्यावरची परसबाग : भाद्रपद-आश्विनाची नोंद

पितृपक्ष लागला की बाजारात कारली, भेंडी, गवार, कोहळं (लाल भोपळा) यांचे भाव चढतात आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात आपल्याकडे याच भाज्या भरात असतात. यंदा महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांपैकी निम्म्याहून जास्त घरच्या निघाल्या, उरलेल्यांसाठी नागपूरचं कॉटन मार्केट गाठलं. पण त्याआधीचा ऑगस्ट फार अवघड गेला. झड लागली की उघडायचं नाव नाही. वेल पानांनी नुसते माजले, फुलंही भरपूर लागली, पण फळ काही टिकेना. बोटभर लवकी (दुधी) दिसायची आणि दोन दिवसांत टोकाकडून पिवळी पडून गळायची. म्हणून या वेळची नोंद मुख्यतः फळधारणेची आहे. खत किती घातलं यापेक्षा कुठलं फूल किती वाजता उमलतं, हे या महिन्यात जास्त उपयोगी पडलं.

आधी बागेविषयी थोडं. मानेवाड्याकडे घरामागे परस आहे, तिथे अस्सल काळी माती. गच्चीवर ग्रो बॅग आणि जुने ड्रम. काळ्या मातीचं आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे : पाण्याने फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि झडीत मुळांना श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही. या मातीत वीतभर उंचीचे गादीवाफे केल्याशिवाय पावसाळी भाजी लावूच नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. शेजारच्या सपाट वाफ्यातली मिरची मर लागून गेली. गादीवाफ्यावरची, त्याच ट्रेमधली रोपं आजही फुलोऱ्यात आहेत. गच्चीवरच्या मिश्रणात मी काळी माती एक भागच घेते. बाकी शेणखत, कोकोपीट आणि थोडी जाड रेती. ड्रमच्या तळाची भोकं महिन्यातून एकदा काडीने मोकळी करायची, कारण कोकोपीटचा गाळ तिथेच बसतो.

आता मुख्य गोष्ट. लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर उघडं असतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत मान टाकतं. त्याचे पाहुणे म्हणजे रात्रीचे पतंग. दोडक्याचं पिवळं फूलही संध्याकाळीच उमलतं. गिलकं (घोसाळं) मात्र पहाटे, कोहळंही पहाटे, आणि कोहळ्याचं फूल नऊ-दहापर्यंत मिटूनही जातं. कारलं, काकडी सकाळची. म्हणजे सकाळी चहा घेऊन वेलाशी गेलं तर कोहळ्याचं काम होतं, लवकीचं होत नाही. त्यात झडीच्या दिवसांत संध्याकाळी पाऊस असला की पतंग फिरकत नाहीत, परागकण भिजून गोळा होतात, आणि मादी फूल तसंच वाया जातं.

म्हणून सप्टेंबरात दिवेलागणीनंतर टॉर्च घेऊन मांडवाखाली जायला लागले. (पायात बूट घालूनच. पावसाळ्यात वेलांच्या पसाऱ्यात साप असतात, हे परस असलेल्यांना सांगायला नको.) मादी फूल ओळखायला सोपं : पाकळ्यांखाली लव असलेली इवलीशी लवकी असते. नर फुलाला नुसता लांब देठ. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागे सोलून काढायच्या, मधला परागकोश बोटाला लावून बघायचा. बोटावर पिवळसर पूड आली तर फूल कामाचं. मग मादी फुलाच्या मधल्या चिकट, तीन फाकांच्या कुक्षीवर तो हलकेच फिरवायचा, तिन्ही फाकांना लागेल असा. एखादी फाक कोरडी राहिली तर फळ पुष्कळदा एका अंगाने वाढतं आणि वाकडं होतं. आभाळ भरलेलं असेल तर त्या फुलावर कागदी कप उपडा घालून सुतळीने अडकवायचा, सकाळी काढायचा. दोन-तीन दिवसांत कळतं : लागलेल्या लवकीचा देठ खाली वळतो आणि रंग तजेलदार हिरवा होतो.

भिंतीपलीकडच्या काकूंनी पहिल्या रात्री टॉर्च हलताना पाहून विचारलं, "काय करून राहिली गं अंधारात?" त्यांना दाखवलं. आता त्या त्यांच्या दोडक्यासाठी संध्याकाळी सहालाच येऊन बसतात, आणि त्यांच्या वेलाला आमच्यापेक्षा जास्त दोडके लागले आहेत. कारण साधं आहे : त्यांचा मांडव ठेंगणा, सगळी फुलं हाताशी. पुढच्या वर्षी मीही मांडव छातीइतकाच ठेवणार.

थ्री-जी कटिंगबद्दल, म्हणजे आधी मुख्य वेलाचा आणि मग बाजूच्या फांद्यांचा शेंडा खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या वाढवण्याबद्दल, बरेच जण विचारतात. जमिनीतल्या लवकीला त्याचा फायदा होतो, कारण मुख्य वेलावर नर फुलंच फार येतात आणि मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर. पण अठरा इंची बॅगेत चार-पाच फांद्या वाढवून झाड त्यांना पोसू शकत नाही. गच्चीवर एकदाच शेंडा खुडा आणि थांबा.

फळ लागलं म्हणजे झालं असं नाही. फळमाशी कोवळ्या कारल्यात, काकडीत अंडी घालते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढी जागा, त्यावर डिंकाचा थेंब आणि आत अळ्या. यावर फवारणीचा काही उपयोग नाही, अळी आत सुरक्षित असते. मी फळ बोटाएवढं होताच जुन्या सुती ओढणीची पिशवी चढवते. शिवाय क्यूल्युअरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा) कामगंध सापळा मांडवाला टांगला आहे. त्यात नर माश्या अडकतात, म्हणून तो एकटा पुरत नाही, पण माश्या किती आहेत याचा अंदाज रोज मिळतो. किडलेली फळं कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून भर उन्हात ठेवा, मग फेका. मातीत पडलेल्या फळातल्या अळ्या तिथेच कोषात जातात आणि पुन्हा माशी होऊन वर येतात.

एक महत्त्वाचं : लवकी, काकडी, दोडकं चिरलं की आधी एक चकती चाखायची. कडू लागली तर अख्खी टाकून द्यायची, रस तर नाहीच काढायचा. कडूपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते विषारी असतं आणि शिजवून जात नाही.

भेंडीवर केवडा आलाच. शिरा पिवळ्या, मग पूर्ण पान पिवळं, शेवटी भेंडीही पांढुरकी आणि निबर. विषाणू पांढरी माशी पसरवते, आणि आलेला रोग बरा करणारं औषध नाही. पिवळे चिकट सापळे लावले होते, त्याने थोडा वेळ मिळाला. परभणी क्रांती या जातीच्या भेंडीच्या ओळीत लागण उशिरा आणि कमी झाली, साध्या पाकिटातल्या भेंडीच्या ओळीत जवळपास सगळीकडे. रोगट झाड दिसताच उपटणं एवढाच उपाय, आणि ते जिवावर येतं, कारण त्याला भेंड्या लागलेल्याच असतात. तरी उपटा.

वांग्याचे शेंडे सुकलेले दिसले की दोन पेरं खालपर्यंत कापते. आत गुलाबीसर अळी सापडतेच. हे आठवड्यातून दोनदा नेमाने केलं तर फळं बरीच वाचतात. निंबोळी अर्कही चालू आहे. जून-जुलैत झाडाखालच्या निंबोळ्या वेचून वाळवून ठेवल्या होत्या. 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळून थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि ऊन उतरल्यावरच फवारायचं, कारण उन्हात त्यातला अंश लवकर मोडतो.

बरबटीच्या (चवळीच्या) शेंड्यांवर काळा मावा दाटला तेव्हा मात्र हात आवरला. भिंगाखाली पाहिलं तर त्याच देठावर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सहा पायांच्या लांबट अळ्या फिरत होत्या. मावा तोंडात धरून चोखून टाकत होत्या. या ढालकिड्याच्या (लेडीबगच्या) अळ्या. लालचुटूक किडा सगळे ओळखतात, त्याची अळी कीड समजून मारली जाते. मुंग्या माव्याची राखण करतात, म्हणून वेलाच्या बुडाशी मुंग्यांची वाट तेवढी तोडली. आठवड्याभरात शेंडे स्वच्छ. बरबटी आता एक दिवसाआड ओंजळभर निघते.

वालाच्या वेलावर ज्यांचा राग आहे त्यांच्यासाठी. जूनमध्ये लावलेला गावरान वाल चार महिने फूल देत नाही, कारण त्याला लहान दिवस लागतात. 22-23 सप्टेंबरला दिवस-रात्र समान होतात, तिथून रात्र दिवसापेक्षा मोठी होते आणि मग त्याला कळ्या दिसतात. आमच्या वेलाला या आठवड्यात जांभळे तुरे डोकावले. तोवर त्याला नत्र घालून आणखी माजवू नका आणि कंटाळून काढूही नका. आंबाडीचंही तसंच.

आता हत्तीचा पाऊस एखाद-दोनदा झोडपेल, मग उघडीप आणि ऑक्टोबरचं ऊन. पावसाळ्यातल्या बुरशी जातील आणि भुरी येईल. कोहळ्याच्या जुन्या पानांवर पांढरी पूड दिसू लागली आहे, ती पानं काढून टाकते. या उन्हात वेलांवर गंधक फवारणं मी टाळते, पानं करपतात. काकडी आता काढणार. गिलकं अजून महिनाभर चालेल.

टमाटर आणि फुलकोबीची रोपं ट्रेमध्ये तयार होत आहेत, पाणी सकाळी एकदाच, नाहीतर बुडाशी कोलमडतात. टमाटर नवरात्रानंतर बाहेर जाईल. रात्री गार होईपर्यंत त्याची फुलं गळतातच, म्हणून घाई करण्यात अर्थ नाही. मेथी आणि मुळा वाफसा आला की लगेच. सांबाराचे (कोथिंबिरीचे) धणे रगडून दोन फाका करून, रात्रभर भिजवून, ग्रीन नेटखाली पेरले आहेत. उघड्या वाफ्यात या उन्हात ते नीट उगवत नाहीत.

सगळ्यात चांगल्या वेलावरची एक लवकी बियाण्यासाठी सोडली आहे. साल कडक होऊन आत बी खुळखुळेपर्यंत ती काढायची नाही. परभणी क्रांतीच्या दोन निरोगी झाडांवरच्या भेंड्याही तशाच वाळू देते आहे. काकडीचा वाफा रिकामा झाला की तिथे शेणखत मिसळून ठेवणार आणि मटार टोबणार, पण दिवाळी उलटल्यावर. त्याच्याआधी टोबलेला मटार या उन्हात फुलोराच धरत नाही.