तुम्ही विचारलंत म्हणून: शिट्टी माझीच होती

डब्लिनच्या गणपतीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, साताऱ्याला आत्याकडे, सगळीकडे प्रश्न एकच. आत्या तो सगळ्यांत सरळ विचारते: "एवढा शिकलास, आयर्लंडला गेलास, आणि रविवारी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून शिट्टी फुंकत फिरतोस. त्यात तुला मिळतं काय रे?"

अमेरिकन फुटबॉलच्या पंचगिरीत मिळतं काय, हे विचारलं की दर वेळी मी विषय बदलतो. आज नाही बदलत.

आधी पैशाचं, कारण तुमचा रोख तिकडेच असतो. पंचांना जे मिळतं त्यात पेट्रोल आणि वाटेतलं खाणं भागतं. खेळाडूंना तेही नाही. उलट तेच क्लबला वर्गणी भरतात. याला तुम्ही ज्या सुरात "हौशी" म्हणता, तो सूर मला लागतो. १९८६ पासून इथे शॅमरॉक बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या आयरिश लीगचा अंतिम सामना, खेळला जातो. रग्बीसारखीच ही लीगही अख्ख्या बेटाची आहे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा संघ आणि लिमरिकचा संघ एकाच तक्त्यात. लिमरिक विद्यापीठाच्या व्हायकिंग्जनी २००७, २००८ आणि २००९ असा तीनदा ओळीने बोल जिंकला. "फुटबॉल" म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर गेलिक फुटबॉल येतो, नाहीतर सॉकर. आमचा खेळ रग्बीच्या उसन्या मैदानावर, त्यांच्या रेघांवर आमच्या रेघा मारून चालतो. २०२५ च्या सप्टेंबरात डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, सामना झाला, स्टीलर्सनी मिनेसोटाच्या व्हायकिंग्जना २४-२१ हरवलं. त्याच्या तिकिटांसाठी तुमच्यापैकी कितीतरी जणांचे मला फोन आले. त्याच उन्हाळ्यात घराजवळच्या फुकटच्या सामन्याला या म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. कुणी आलं नाही. हे मनात आहे, म्हणून बोललो.

पण हे सगळं बोलून मी खरं उत्तर टाळतोच आहे.

पंच होऊन मला तिसरं वर्ष होतं. त्या दिवशी आम्ही पाच जण होतो आणि मी लाइन जज, म्हणजे कडेच्या रेषेवर, चेंडू जिथून खेळात येतो त्या ओळीत उभा. शेवटच्या क्वार्टरची चार मिनिटं उरलेली. यजमान संघ पाच गुणांनी मागे, चेंडू त्यांच्याकडे, तिसरा डाउन, म्हणजे पुढे सरकायच्या चार प्रयत्नांतला तिसरा, आणि अजून चार यार्ड हवे होते. जिंकले तर प्लेऑफ, हरले तर हंगाम संपला.

चेंडू मागे आला. क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू पुढे फेकणाऱ्या किंवा वाटणाऱ्या खेळाडूने, तो रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या, पोटाशी धरला. रनिंग बॅक दोन्ही हात पोटावर दुमडून माझ्या बाजूला घुसला आणि तीन जणांनी त्याला पाडलं. मी शिट्टी वाजवली. ती वाजत असतानाच मैदानाच्या पलीकडच्या कडेला लोक ओरडले. चेंडू क्वार्टरबॅकने दिलेलाच नव्हता. त्याच्यासमोर कुणी नव्हतं आणि तो धावत सुटला होता. बहुधा त्याला शिट्टी ऐकूच गेली नाही. तो थेट शेवटापर्यंत गेला, चेंडू खाली ठेवला आणि वळून दोन्ही हात वर केले.

शिट्टी वाजली की चेंडू मेला, खेळ तिथेच थांबला. नियमात याला पळवाट नाही. चुकून वाजली असेल तर संघाला दोनच पर्याय: त्या क्षणी चेंडू होता तिथून पुढे खेळा, किंवा डाउन परत खेळा. पांढऱ्या टोपीवाला मुख्य पंच माझ्याकडे आला. मी म्हणालो, "शिट्टी माझी होती." यजमानांनी डाउन परत खेळला. पास जमिनीवर पडला. चौथ्या डाउनलाही तेच झालं. सामना पाच गुणांनीच गेला.

गाड्या लावल्या होत्या तिथे तो क्वार्टरबॅक माझ्याजवळ आला. खांद्यावरचे पॅड काढलेले, हातात हेल्मेट. शिव्या येणार म्हणून मी मन घट्ट केलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "तुम्हाला चेंडू दिसला होता का?"

"नाही."

"मग वाजवलीत कशी?"

मला उत्तर सुचलं नाही. नंतर कुणीतरी सांगितलं की तो पुढच्या आठवड्यात कामासाठी ऑस्ट्रेलियाला निघाला होता. इथली पोरं जातात तशी. हा त्याचा इथला शेवटचा सामना होता. मीही घर सोडून आलेला माणूस आहे. निघण्याआधीच्या दिवसांचं काय काय लक्षात राहतं ते मला माहीत आहे.

त्या रात्री मी पंचगिरी सोडण्याचा मेल लिहिला आणि पाठवला नाही. तेव्हा स्वतःला समजावलं की चूक कुणाकडूनही होते. पंच आधीच कमी, मी गेलो तर कुणाचा तरी सामना अडेल. आज ते आठवलं की मला त्या वेळच्या 'मी'चा राग येतो. तो लीगची काळजी करत नव्हता, स्वतःला माफ करून घेत होता. पण पंच कमी होते हेही खोटं नव्हतं. दोन्ही खरं असेल तर मी थांबलो ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात: चेंडूचं कातडं डोळ्यांनी दिसल्याशिवाय शिट्टी नाही. मला ते पाठ होतं. आता मी शिट्टी दातांत धरत नाही, बोटात अडकवतो. ती तोंडापर्यंत न्यायला एक क्षण जातो आणि तेवढ्यात मी चेंडू शोधतो. त्या दुपारनंतर माझ्याकडून अशी शिट्टी वाजलेली नाही. त्या मुलाला त्याचा काय उपयोग, हे विचारू नका. ते मी स्वतःलाच विचारत असतो.

मिळतं काय, आत्या? कडेला उभं राहून बावीस जणांकडे बघताना माझ्या डोक्यात दुसरं काही नसतं. नोकरी नसते, कर्ज नसतं, साताराही नसतो. आणि कुणीतरी आठवडाभर राबून रविवारी खेळायला येतो, त्याचा खेळ नीट व्हावा असं मला मनापासून वाटतं. त्या मुलाचा झाला नाही, म्हणून जास्तच वाटतं. हे तुला पुरेल का, माहीत नाही.

या रविवारी बेलफास्टला सामना आहे. आम्ही चार जण नक्की आहोत. पाचव्यासाठी सकाळपासून फोन करतोय.