वेबसाइट तपासणारं टूल: इंदूरच्या पहिल्या वापरणाऱ्यांकडून काय कळलं

टूल आता माझ्या लॅपटॉपबाहेर पडलं आहे. इंजिन लाइटहाउसचंच आहे, म्हणजे वेबपान तपासून शंभरपैकी गुण देणाऱ्या गूगलच्या साधनाचं, त्यावर मी देवनागरीच्या तपासण्या चढवल्या आहेत. पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा बरोबर नोंदवली आहे का, मजकूर युनिकोडमध्ये (अक्षरं साठवण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीत) आहे की कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये, फॉन्टची फाइल हलकी करण्यासाठी छाटताना जोडाक्षरं तुटली का, हे ते पाहतं. इंजिन चालतं आहे. या नोंदीत लिहायचं आहे ते माणसांबद्दल.

मित्रांना लिंक पाठवली की ‘मस्त रे, चालू ठेव’ एवढंच परत येतं. त्यांचं प्रेम खरं आहे, पण त्यांची स्वतःची साइट पणाला लागलेली नसते. म्हणून ज्यांचं काम साइटवर थोडंतरी अवलंबून आहे, अशी माणसं शोधली: रामबागेत केटरिंगचा व्यवसाय असलेले एक काका, स्नेहलतागंजात गाण्याचे क्लास घेणाऱ्या ताई, सियागंजातले मसाल्याचे व्यापारी, एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं पान सांभाळणारे निवृत्त बँक अधिकारी. साइट बनवणारी मुलं वेगळी धरली, ती बहुतेक विजयनगरकडची.

असे दोन गट पाडण्याला कारण आहे. पाच माणसांना बसवलं की वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, हा वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचा आकडा टूल बनवणाऱ्यांत बरेच जण सांगतात. तो नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या गणितातून येतो आणि त्यात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो असं गृहीत आहे. पण ही पाच माणसं एकाच प्रकारची हवीत. साइटचा मालक आणि साइट बनवणारा यांचे प्रश्न इतके वेगळे निघतात, की दोघांची सरमिसळ केली तर कुणाचंच नीट ऐकू येत नाही.

पद्धत जुनीच. शेजारी बसायचं, काम द्यायचं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. आयबीएममध्ये क्लेटन लुइस यांनी १९८२ मध्ये ही पद्धत लिहून ठेवली. त्यात सगळ्यात कठीण काम गप्प बसण्याचं. इंदुरात पाहुण्याने गप्प बसावं ही कल्पनाच कुणाला पटत नाही, पोहे पुढे येतात, गप्पा सुरू होतात. मी आधीच सांगून टाकतो, ‘काका, थोडा वेळ मी इथे नाही असं समजा.’

काकांनी पत्ता टाकला, अहवाल आला, वर मोठ्या अक्षरात ५८. काका म्हणाले, ‘म्हणजे पास ना?’ आणि समाधानाने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. त्यांच्या पानावरचा पहिला मोठा फोटो दिसायला चाचणीत सात सेकंदांहून जास्त लागत होते. लाइटहाउसमध्ये ५० ते ८९ हा पट्टा नारिंगी, ९० पासून पुढे हिरवा. हे मला पाठ आहे. पण ज्याने आयुष्यभर ३५ ला पास पाहिलं, त्याला ५८ म्हणजे बरे गुण. पुढच्या प्रत्येक मालकानेही या ना त्या शब्दांत हेच विचारलं. तेव्हा गुण अहवालाच्या तळाशी नेले आणि सुरुवातीला एक वाक्य ठेवलं: ‘मोबाइलवर मुख्य फोटो दिसायला इतके सेकंद लागतात, अडीचच्या आत हवेत.’ हे वाक्य वाचून कुणी लॅपटॉप सरकवत नाही. पुढचा प्रश्न येतो.

तो प्रश्न ठरलेला: ‘माझ्या फोनवर तर लगेच उघडते की!’ बरोबर आहे, घरचं वायफाय आहे आणि फोटो फोनने आधीच साठवून ठेवलेले आहेत. लाइटहाउस मोबाइल चाचणीत मुद्दाम मंद जोडणी धरतं, सेकंदाला १.६ मेगाबिट वेग, सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला १५० मिलिसेकंद आणि चौपट मंदावलेला प्रोसेसर. हे तोंडी सांगून पटत नाही. वायफाय बंद करायचं, ब्राउझरची खासगी (इनकॉग्निटो) खिडकी उघडायची आणि त्यांच्याच हाताने साइट उघडायला लावायची. काकांनी पडद्याकडे पाहत मनातल्या मनात सेकंद मोजले आणि त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. अहवालात आता ही कृती तीन ओळींत लिहिली आहे.

यापुढचं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अहवाल वाचून झाल्यावर मालक काय करतो? काहीही दुरुस्त करत नाही. पडद्याचा फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर ‘साइटवाल्या मुलाला’ पाठवतो. जवळजवळ सगळ्यांनी हेच केलं. म्हणजे माझा अहवाल ज्याच्या कामाचा, तो माणूस त्या खोलीत नसतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचतो तो अर्धवट कापलेला, धूसर फोटो. म्हणून आता ‘साइट बनवणाऱ्याला पाठवा’ असं बटण आहे. ते दाबलं की साधा मजकूर तयार होतो. त्याचं रूप बनवणाऱ्या मुलांनी ठरवलं. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘भिया, उपदेश मत दो, कौनसी फाइल और कितनी भारी, इतना बता दो.’ तेवढंच दिलं: फाइलचं नाव, आत्ताचा आकार, कोणत्या पानावर, कुठल्या स्क्रीनवर किती रुंदी पुरेशी.

गूगलच्या निकालांत दिसणाऱ्या पानाच्या शीर्षकाच्या लांबीचा किस्सा मंडळाच्या साहेबांचा. त्यांच्या बऱ्याच पानांवर टूलने ‘शीर्षक फार लांब’ असा शेरा मारला होता. त्यांनी बँकेतल्या सवयीने कागदावर अक्षरं मोजली आणि म्हणाले, ‘तुमचा हिशेब जुळत नाही.’ ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ यात डोळ्यांना नऊ अक्षरं आणि एक मोकळी जागा दिसते. युनिकोडच्या घटकांत मोजलं तर एकोणीस भरतात, कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्ताची खूण सगळं सुटं मोजलं जातं. ‘शीर्षक साठ अक्षरांच्या आत’ हा नियम इंग्रजी शीर्षकांवरून आला आहे आणि मराठी शीर्षकाला तो विनाकारण दोषी ठरवतो. जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. तोवर ‘र्षि’सारखं अक्षर हलन्तापाशी तुटायचं. पण अक्षरं नीट मोजूनही प्रश्न सुटत नाही. गूगल शीर्षक कापतं ते साधारण पडद्याच्या रुंदीनुसार. म्हणून आता टूल शीर्षक ब्राउझरमध्ये प्रत्यक्ष मांडून त्याची रुंदी मोजतं. साहेबांना नवा अहवाल दाखवला, त्यांनी तोही पुन्हा तपासला.

भाषेच्या नोंदीची तपासणी माझ्या यादीत खालच्या बाजूला होती. ताईंनी ती वर आणली. त्यांचं पान पूर्ण मराठी, पण तयार साच्यातून आलेलं, त्यामुळे भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, लिहिलेली. इंदुरात मराठी पानांवर ‘ईएन’ किंवा ‘एचआय’ (हिंदी) पुष्कळ दिसतं, कारण साचा इंग्रजी असतो किंवा बनवणारा हिंदीत काम करणारा. स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, याच नोंदीवरून आवाज निवडतो, म्हणून डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत पानाची भाषा नोंदवणं ही अगदी पायाभूत पातळीची अट आहे. ताईंना ते पटलं, पण नजर खिळली दुसऱ्याच गोष्टीवर. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात नोंद ‘एमआर’ (मराठी) केली की ल आणि श मराठी वळणाचे होतात. दोन्ही रूपं शेजारी ठेवून दाखवली. ‘अहो, हाच तर शाळेत शिकवलेला ल! हा आधी करा,’ ताई म्हणाल्या. ‘वेग’, ‘सुलभता’ अशा शब्दांनी जे झालं नसतं ते एका अक्षराने झालं. आता ही तपासणी चित्रासकट दुसऱ्या क्रमांकावर आहे.

गुणांच्या चढउताराबद्दल थोडक्यात. मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी लागोपाठ चाचणी घेतली आणि आकडे वेगळे आले. ‘तराजू एकच, वजनं दोन?’ त्यांचा आक्षेप रास्तच होता. सर्व्हरवरचा भार, जोडणी, जाहिराती यांमुळे हे होतंच. लाइटहाउसच्या माहितीत म्हटलं आहे की पाच चाचण्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, एका चाचणीपेक्षा दुप्पट स्थिर असतो. तेच केलं. वेळ जास्त लागतो, पण कितवी चाचणी चालू आहे ते दाखवलं तर लोक थांबतात.

टिपणवहीत मी तीन रकाने करतो: काय केलं, काय म्हणाले, काय मागितलं. सगळ्यात जास्त वजन पहिल्या रकान्याला. मागण्या भरपूर येतात, ‘गूगलवर पहिला नंबर आणून द्या’ ही तर हमखास. प्रत्येक मागणीला माझा एकच प्रश्न असतो, ‘हे मिळालं तर उद्या सकाळी काय कराल?’ उत्तर ठोस असेल तरच मागणी यादीत जाते.

काही दिवसांनी त्याच साइट पुन्हा तपासतो. काकांच्या पानावरचा मोठा फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच चढवलेला होता, तो आता लहान आकारात, वेबपी या हलक्या फाइलच्या स्वरूपात आहे. ताईंची भाषेची नोंद बदलली. बऱ्याच साइट मात्र जशाच्या तशा. फोन करून कारण विचारलं, तर साइट बनवणारा मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला, होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवली त्या सर्व्हरचा, पासवर्ड त्याच्याकडेच, डोमेनही, म्हणजे साइटचा पत्ताही, त्याच्याच ईमेलवर घेतलेलं. अशा मालकाला फोटोचा आकार सांगून काय उपयोग? म्हणून तपासणीच्या आधी आता तीन प्रश्न घालतो आहे: डोमेन कोणाच्या नावावर, होस्टिंगचा पासवर्ड कोणाकडे, शेवटचा बदल कोणी केला. उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर अहवालाची पहिली ओळ वेगाबद्दल नसेल. डोमेन आपल्या खात्यात कसं घ्यायचं हे तिथे लिहिलेलं असेल.

हे जमलं की पुढची फेरी स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांबरोबर. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमधला ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. भाषेची चुकीची नोंद असलेलं आणि दुरुस्त केलेलं, अशी दोन्ही पानं त्यांनी ऐकावीत आणि टूलच्या अहवालातली कोणती ओळ त्यांच्या रोजच्या अडचणीशी जुळते ते सांगावं, एवढं काम त्यांना देणार आहे.