कोरब्याचा अर्धा लिटर

शीतकरण संयंत्रांचा सल्लागार म्हणून माझे बहुतेक काम गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यांत चालते. सासष्टीतील एका चर्चच्या पर्यावरण समितीने गावच्या सड्यावर (कातळपठारावर) येऊ घातलेल्या डेटा सेंटरच्या आराखड्यावर मत मागितले, तेव्हा तासाभरात उरकेल असे वाटले होते.

आराखड्यात कूलिंग टॉवर होते. एक युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बाहेर टाकताना सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. म्हणजे एका मेगावॅटमागे दिवसाला ३६,००० लिटर. शिवाय वाफेबरोबर क्षार जात नसल्याने कुंडीतला टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, चढतो; ते खारट पाणी, म्हणजे ब्लोडाउन, काढून तितकेच ताजे पाणी भरावे लागते. हा ब्लोडाउन ताळेबंदात चक्क नव्हता. रंगीत नकाशे काढणाऱ्यांना पाण्याचा हिशेब मांडता येत नाही, हे मला नवे नाही.

समितीच्या सभेत मी पाण्याऐवजी हवेने उष्णता बाहेर टाकणारे चिलर (शीतयंत्रे) सुचवले: वीज जास्त लागेल, पण विहिरी वाचतील. सभागृह सुखावले. माझा आकडा खरा का, हे एका तरुणाने तिथेच एआयला विचारून घेतले!

फादरनी मात्र विचारले, "ती जादा वीज येणार कुठून?"

गोव्याच्या वाट्याची बरीच वीज छत्तीसगडमधल्या कोरब्यासारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते. कोरब्याला पाणी हसदेव नदीचे. २०१५ च्या निकषांप्रमाणे जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाण्याची मुभा आहे. मी फळ्यावरच हिशेब केला: एका युनिट उष्णतेमागे जादा वीज साधारण एक सप्तमांश युनिट धरली, तर आपण वाचवलेल्या दीड लिटरामागे तिकडे अर्धा लिटर खर्च होणार, राख आणि धूर वेगळाच.

फादर म्हणाले, "पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या पर्यावरणावरच्या पत्रात धरित्रीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले आहे. मग कोरब्याचा माणूस आपला शेजारी नव्हे काय?"

"फादर, कोरब्याचे मागाहून बघू," एक वयस्क बाई म्हणाल्या, "माझी विहीर एप्रिलातच तळ दाखवते."

दोघांपैकी कोणालाच मी चूक ठरवू शकलो नाही. दीडातून अर्धा वजा केला की लिटरभर बचत उरते, म्हणून शिफारस मी बदललेली नाही. परंतु ही वजाबाकी सासष्टीत बसून करण्याचा अधिकार मला कोणी दिला, याचे उत्तर माझ्या शास्त्रात नाही. पंचायतीला दिलेल्या हरकतीत समितीने विहिरींचाच परिच्छेद ठेवला. फादरनी खाली कोरब्याचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहून जोडला, तेव्हा दोन सदस्यांनी सही करायचे नाकारले.